सूजबाईचा निरोप

मळ्यामळ्यांत मोटेची गाणी ऐकू येत, तेव्हाची गोष्ट. आता ना मोट राहिली, ना गाणी. पवळ्या बैलाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. एरवी कातड्याखाली लोळत पडणारी चरबी ओरडली, "सूजबाई, धाव गं!" सुजेनं धावत येऊन विष अडवलं, काटाही बाहेर ढकलला. पण आठ दिवस झाले तरी ती हलेना. पवळ्याला पाय टेकवेना, त्याची मोट थांबली, मळा वाळू लागला.

"बाई, किती दिवस ठाण मांडणार?" चरबी करवादली.

"बोलावलंस तू. कुंकू न लावता सवाष्ण उठते होय?"

चरबी ओशाळली. बोलावणं धाडलं, निरोप मात्र दिलाच नव्हता. ती मायेनं म्हणाली, "दमलीस गं माझ्यासाठी. ये आता सुखानं."

"एवढं बोलायला आठ दिवस लावलेस!" म्हणत सूज उठली, आणि पवळ्यानं हळूच पाय टेकला.