चिखल इकडचा, खडे तिकडचे

बेडकांना मिशा होत्या तेव्हाची गोष्ट. तळ्याच्या बांधाला भोक पडलं आणि पाणी वाहू लागलं. पूर्वेच्या बेडकांनी चिखल लिंपला. "त्यांचा चिखल? शी!" म्हणत पश्चिमेच्यांनी तो उकरून खडे भरले. पूर्वेच्यांनी खडे उपसले. तळं आटत चाललं.

तेव्हा खेकडाबाई निघाली.

"तिरकी चालतेस, कुणाच्या बाजूची गं तू?" दोन्ही काठांवरून टोमणे आले.

"पाण्याच्या," ती म्हणाली. एका नांगीत चिखल, दुसरीत खडे घेऊन तिनं दोन्ही एकत्र ठासले. गळती थांबली.

"आमची खेकडाबाई!" दोन्ही काठ पहिल्यांदाच एका सुरात ओरडले आणि ती नेमकी कुणाची यावरून लगेच भांडू लागले. बाई मात्र बुजवलेल्या भोकाला पाठ लावून बसली. पुन्हा कुणी उकरायला आलं तर?