मेणाने बुजवलेली कुंडी

"मग माझी सेवा कमी पडली कुठे, बुवा?"

विश्वंभरने कुंडी ओट्यावर आदळलीच म्हणायची. दुसऱ्या हातातला पाण्याने भरलेला तांब्या मात्र त्याने जपून शेजारी ठेवला.

मुकुंदबुवा नुकतेच खालच्या गावातून घाट चढून मठात आले होते. अजून पायरीवरच टेकले होते. उपरण्याने मान पुसत होते.

"कमी?" ते म्हणाले. घसा बसल्यासारखा आवाज आला. ते खाकरले.

कुंडीत सीतेची वेणी होती. रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी आमरी. वैशाख सरता सरता तिला गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब तुरा लोंबतो, वेणीसारखा. ही वेणी थोरल्या बुवांनी, म्हणजे मुकुंदबुवांच्या गुरूंनी, वादळात पडलेल्या आंब्यावरून सोडवून आणली होती. आता ते नव्हते. दर वर्षी पहिला तुरा त्यांच्या समाधीवर चढायचा.

यंदा तुऱ्याची गोष्टच नको. पानं सुरकुतली होती. खालची तर पिवळी पडून गळू लागली होती.

"गेल्या वर्षी हिला सखोबा सांभाळत होता," विश्वंभर म्हणाला. "चुलीच्या जळणासारख्या फळ्यांच्या टोपलीत टांगून ठेवली होती. मुळं बाहेर लोंबतायत, भिकाऱ्याच्या जटांसारखी! पाणी घालायचं तर हा विसरायचा."

"आणि फुलायची."

"...फुलायची."

"छान विसरायचा," बुवा म्हणाले.

विश्वंभरला ते आवडलं नाही. मठातल्या सगळ्या शिष्यांदेखत त्याने सखोबाकडची ही सेवा मागून घेतली होती. सेवा कशी करतात ते दाखवतो, असंही म्हणाला होता. आता येता-जाता सगळे कुंडीकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं त्याला झोंबत होतं.

"मी चांगली कुंडी आणली. काळी माती, शेणखत. लोंबणारी मुळं एकेक करून आत दाबली. पूजेचं तीर्थ दुसऱ्या कशाला दिलं नाही, रोज हिलाच. वर निर्माल्य. दुपारी पुन्हा झऱ्याचं पाणी, हे बघा, आताही आणलंय. एक दिवस चुकवला नाही."

बुवांनी तांब्याकडे पाहिलं. मग कुंडीकडे.

ती त्यांनी पुढे ओढली, वाकून वास घेतला.

"ताक झालंय."

"पंचामृत आहे ते, बुवा."

"देव नुसतं जिभेला लावतो. हिला तू बुडवलीस." त्यांनी मातीवरची रांग बोटाने दाखवली. "मुंग्यांना मात्र मोक्ष मिळालेला दिसतो."

विश्वंभर हसला नाही.

"तुळशीला चालतं की तीर्थ."

"तुळस मातीतली. ही फांदीवरची. आंब्यावर हिच्या मुळांशी माती कोण घालत होतं?"

"...कोणी नाही."

बुवांनी कुंडी तिरकी केली. थोडं आंबूस पाणी काठावरून सांडलं. खालून थेंबही आला नाही. त्यांनी बुडाखाली हात घालून चाचपलं. भोकाच्या जागी गुळगुळीत, टणक काहीतरी लागलं.

"हे काय?"

"मेण."

"कशाला?"

विश्वंभरला वाटलं, निदान हे तरी बुवांना पटेल. तो सरसावून म्हणाला, "पाणी खालून गळायचं. फरशीवर यायचं. येणारे-जाणारे त्यावरून चालायचे. तीर्थ पायदळी जायला नको, म्हणून बुजवलं."

बुवांनी कुंडी खाली ठेवली.

मग त्यांनी डाव्या हाताने विश्वंभरचं नाक धरलं आणि उजवा तळवा त्याच्या तोंडावर ठेवला. हलकेच. पण सोडेनात.

विश्वंभर आधी गोंधळला. मग लाल झाला. मग त्याने दोन्ही हातांनी बुवांचे हात बाजूला केले आणि मोठ्याने श्वास घेतला.

"बुवा!"

"मी तुझ्या तोंडावर सकाळच्या पूजेचं चंदन लागलेला हात ठेवला होता," बुवा म्हणाले. "पवित्र हात."

मागच्या फणसावर कुठेतरी तांबट टुकटुक करत होता.

"मुळंही श्वास घेतात?" विश्वंभरने अगदी हळू विचारलं.

"हिची तर त्यासाठीच बाहेर लोंबतात. आण तो दगड."

विश्वंभरने दगड दिला. बुवांनी कुंडी आडवी केली आणि एका ठोक्यात फोडली.

आतून काळा, चिकट गोळा निघाला. दोघांनी मिळून तो गोठ्याजवळच्या दगडी डोणीत नेऊन धुतला. माती गेली, फुलांचा लगदा गेला. मुळं उघडी पडली.

"आता चिमटीत धर. एकेक."

विश्वंभरने पहिलं मूळ धरलं. ते दबलं. साल बोटाशीच निघून आली आणि आत नुसता दोरा उरला.

"मेलेलं. काप."

दुसरं. तसंच. तिसरंही. बुवांनी चाकूचं पातं विस्तवावर धरून दिलं होतं, विश्वंभर कापत होता. कापलेली मुळं डोणीच्या काठावर साठत गेली. त्याने चाकू खाली ठेवला.

"सगळी गेली, बुवा. मी मारली हिला. उद्यापासून सेवा सखोबाला द्या. मला मठातून जा म्हणालात तरी..."

"अजून संपली नाहीत. बोलू नकोस, चाचप."

तो चाचपत राहिला. आणि अगदी आत, खोडाला लागून, एक मूळ दबलं नाही. टणक होतं. त्याच्यामागे आणखी एक. त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता.

विश्वंभरने मूळ सोडलं नाही. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"ही... जगेल?"

"ती तर जगायच्याच तयारीत आहे. सखोबाची टोपली कुठे आहे?"

विश्वंभरची मान खाली गेली. "मी जळणात टाकली होती. तो म्हणाला, राहू दे, मी ठेवतो. तेव्हा मी हसलो होतो."

"जा."

तो गेला. जरा वेळाने परत आला तेव्हा त्याच्या हातात लाकडी पट्ट्यांची टोपली होती आणि टोपलीत नारळाची सोडणं, विटेचे तुकडे, चुलीतला कोळसा.

"काही बोलला का सखोबा?"

"नाही. म्हणजे... एवढंच विचारलं, झाड कसं आहे."

बुवांनी मान हलवली. कापलेल्या जागांवर त्यांनी हळद चोळली. कोळसा आणि विटेचे खडे तळाशी घातले, त्यावर झाड बसवलं आणि सोडणांच्या काथ्याने सैल बांधलं. इतकं सैल की विश्वंभरने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

हिरव्या टोकाचं मूळ पट्ट्यांच्या फटीतून बाहेर आलं होतं. सवयीने विश्वंभरचं बोट ते आत ढकलायला गेलं. बुवांनी बोटावर टिचकी मारली.

"वाईट दिसतं, बुवा."

"कुणाला?"

विश्वंभरने बोट मागे घेतलं.

टोपली ओसरीच्या वाशाला टांगली. वारा आला तशी ती थोडी फिरली. चार पानं, दोन मुळं आणि बाकी सगळी मोकळी जागा.

"यंदा समाधीवर तुरा चढणार नाही," विश्वंभर म्हणाला.

"नाही."

"थोरल्या बुवांना काय सांगू?"

"सांग, कुंडी फोडली. त्यांना आवडेल."

विश्वंभर थोडा हसला. सकाळपासून पहिल्यांदा. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, "पण आता पाणी किती घालू? केव्हा? एकदा नीट सांगा. मी चुकणार नाही."

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"ती कशी सांगणार?"

बुवांनी त्याला डोणीपाशी नेलं आणि काठावरचं एक कोरडं मूळ उचललं. कापताना चुकून आलेला टणक तुकडा होता तो. उन्हात पडून चांदीसारखा पांढरा झाला होता. त्यांनी तो डोणीच्या पाण्यात बुडवून वर काढला. विश्वंभरच्या डोळ्यांदेखत पांढरा रंग विरत गेला आणि तुकडा पोपटासारखा हिरवा झाला.

"पांढरं म्हणजे तहान," बुवा म्हणाले. "हिरवं म्हणजे पोट भरलंय."

विश्वंभर बघतच राहिला. इतके महिने मुळं त्याने मातीत गाडून ठेवली होती. ती काय सांगतायत ते दिसायची सोयच नव्हती.

बुवा जाऊन पुन्हा पायरीवर बसले. उपरण्याने मान पुसली. पुन्हा खाकरले.

विश्वंभरने ओट्यावरचा झऱ्याच्या पाण्याचा तांब्या उचलला. टोपलीजवळ गेला. ओतायला तांब्या कलता केला... आणि थांबला. मान वाकडी करून त्याने फटीतल्या मुळाकडे पाहिलं.

सावलीतलं ते धुतलेलं मूळ अजून हिरवंगार होतं.

त्याने तांब्या सरळ केला. भरलेला तांब्या हातात, आणि त्याचं काय करावं ते कळेना. तो वळला.

पायरीवर बुवांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली होती. ओठ सुकून पांढरे पडले होते.

विश्वंभर धावत गेला. गुडघ्यांवर बसून त्याने धार धरली. बुवा प्यायले. थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्यायले. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला आणि टोपलीकडे बघत म्हणाले,

"तहान मघापासून इकडे होती, विश्वंभरा."