देवळेकर साहेबांकडे सांत्वनाला

अरे, आमच्या हर्षदाने काय केलं ऐक! तिचे बाबा पालिकेचे सफाई कामगार. ड्रेनेजमध्ये उतरले आणि आतच गुदमरून गेले. त्यांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून तिने अर्ज केला. नाही मिळाली तर याच महिन्यात पालिकेचं क्वार्टर खाली करायचं. आणि अर्ज ज्यांच्या टेबलावर, त्या पालिकेतल्या देवळेकर साहेबांचा हुकूम काय, तर "विचारायला फोन केलात तर फाईल तळाला जाईल!"

तिने फोन केलाच नाही. पांढरा ड्रेस घातला, आईला घेतलं, थेट केबिनमध्ये जाऊन दोघी मान खाली घालून गप्प बसल्या.

साहेब दचकले. "अहो, काय झालं?"

"सांत्वनाला आलोय साहेब. तुमच्याकडे आमचा अर्ज वारला म्हणे."

दारात क्लार्क जमले. थोड्या वेळाने दोघी उठल्या आणि एक शब्द न बोलता निघाल्या. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत ना, अगदी तसं! साहेब पांढरेफटक.

"अगं पोरी, अपशकुन नको! 'येते' म्हणून जा!"

हर्षदा वळली. "म्हणते की साहेब. कधीपासून येऊ, तेवढं सांगा."

साहेबांनी फाईल वर काढली. "सोमवारपासून."