विहिरीवरच्या बाभळीचे गाणे

बाळांनो, एका माळावर विहिरीकाठी एक बाभूळ होती आणि तिच्यावर सुगरण पक्ष्यांची चाळीस घरटी झुलत असत. त्या झाडाची एक जुनी रीत होती. एखाद्या घरट्यातून रडणे ऐकू आले, की बाकीची पाखरे मोठ्याने गाऊ लागत. गाणे मात्र असे गोड, की वाटसरू थांबून ऐकत.

एका घरट्यातला नवरा बायकोला रोज टोचत असे. एकदा ज्वारीच्या शेतातून कावळ्याने सगळ्यांनाच हुसकावले. घरी येताच याने बायकोच्या पंखावर चोच चालवली. "आई गं!" ती ओरडली. लगेच झाड गाऊ लागले. गाता गाता एक शेजारी म्हणाला, "उपाशी आलाय बिचारा." त्याची बायको म्हणाली, "याचा बापही असाच होता हो. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण कशाला मध्ये पडायचं?"

शेंड्यावरची म्हातारी सुगरण त्या दिवशी घसा बसल्यामुळे गात नव्हती, नुसती ऐकत होती. तिला आपले लहानपण आठवले. हेच गाणे, हीच कलती उन्हे, आईच्या पंखाखालची ऊब. किती सुखाचे दिवस होते ते! पण स्वतः गात नसल्यामुळे आज तिला गाण्याखालचे रडणेही ऐकू आले, आणि ते ओळखीचे निघाले. आईच्या अंगावर रोज नवा ओरखडा असे. "काटा लागला गं," आई म्हणे. बाभळीवरच जन्म काढलेल्या पाखराला रोज काटा कसा लागेल? म्हातारीला रडू कोसळले.

"गप्प बसा सगळे!" बसक्या आवाजात ती ओरडली. झाड गप्प झाले. त्या शांततेत त्या टोचलेल्या पोरीचा हुंदका पार विहिरीपर्यंत ऐकू गेला.

"ही आमच्या घरातली गोष्ट आहे," नवरा गुरगुरला.

"उपाशी तर आम्हीही आहोत," म्हातारी म्हणाली. "आणि एवढा राग होता, तर कावळ्याला का नाही टोचलंस?"

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिले. चाळीसही घरट्यांच्या दारांतून पाखरे त्याच्याकडे बघत होती. त्याची चोच आपोआप खाली गेली.

"चल पोरी, माझ्याकडे चल," म्हणत म्हातारीने तिला आपल्या घरट्यात नेले. ते गाणे म्हातारीला अजून आठवते, आवडतेही. पण पुन्हा ती ते कधी गायली नाही.

तात्पर्य एवढेच, मुलांनो : टोचणारी चोच एकाची असते, पण तिला बळ सगळे झाड देते. शेजारी कुणी रडत असेल, तर आधी आपले गाणे थांबवावे.