शेटे गप्प झाले

नजर अधू झाल्यापासून सुमतीबाईंचं वाचन सुटलं होतं. म्हणून सून त्यांना अक्षरं मोठी करता येणारं ई-बुक रीडर घ्यायला घेऊन आली.

दुकानाचे मालक शेटे दोन यंत्रं पुढे ठेवून तोऱ्यात म्हणाले, "आजी, दोन्ही टचस्क्रीनच. पण या महागड्याची शान तुम्हाला कळायची नाही!"

"मग तुम्हीच वाचून बघा," सुमतीबाई म्हणाल्या. " दिवाळी अंकातली ही कथा, अर्धी यात, उरलेली त्यात."

महागडं हातात असताना शेटे ओळीओळीला थांबून त्याची तारीफ करत होते. दुसरं घेतलं आणि ते बोलेचनात.

सुमतीबाईंनी सुनेचा हात मायेनं दाबला. "वाचन परत दिलंस गं!" मग शेट्यांकडे वळल्या. "ज्यात तुम्ही यंत्राला विसरलात, तेच द्या."

शेट्यांनी मान वर न करताच हात जोडले. "आजी, उपकार होतील. एवढी कथा संपू दे!"