वाघाचं पथ्य

रायखेडचे राजे रणधीरराव शिकारीहून परतले ते एक नवाच विचार घेऊन. वाघ फक्त मांस खातो, म्हणूनच तो वाघ आहे, असं म्हणून त्यांनी ताटातली भाकरी, भाजी, फळं बंद केली. महिन्याभरात सुटलेलं पोट उतरलं आणि अंगात हुशारी आली. राजांना चेव चढला. दसऱ्यापासून सगळ्या फौजेनं नुसतं मांसच खायचं, असा हुकूम त्यांनी तयार करायला सांगितला.

पण हुकूम निघण्याआधीच राजांचं पोट अडलं. चार दिवस शौचाला होईना, तेव्हा गावातल्या वैद्य उमाबाईंना बोलावणं गेलं.

उमाबाईंनी नाडी पाहिली. "मांस खुशाल खा, महाराज. पण सोबत पालेभाजी हवी."

"वाघ पालेभाजी खातो का?" राजांनी विचारलं. दरबारी हसले.

"पोट बिघडलं की वाघही गवत खातो," उमाबाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्या शिकाऱ्याला विचारा."

शिकारी मान खाली घालून म्हणाला, "खातो, सरकार. मी पाहिलंय."

राजे सावरून बसले. "म्हणजे मी भाजी खाल्ली, तर ती माघार नव्हे?"

"मुळीच नाही. न खाल्ली, तर मात्र आपल्या वाघपणात उणं राहील."

त्या संध्याकाळी राजांनी वाडगाभर चाकवत खाल्ला आणि सकाळी ते मोकळे झाले. हुकूमही दुरुस्त झाला: फौजेनं खऱ्या वाघासारखं मांसाबरोबर भाजीही खावी. फौज आधीही तेच जेवत होती, पण हे सांगायला महाराजांकडे कोणी गेलं नाही.