मिशी दाखवणारा बुश

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगुणाताई पांचाळांचे धातू कातायचे तिन्ही लेथ महिनाभर रिकामे बसून होते. तेवढ्यात एका पंप कारखान्याचे मॅनेजर घारपुरेसाहेब पाचशे बुशांची, म्हणजे पंपाचा फिरता दांडा ज्यात बसतो त्या धातूच्या नळ्यांची, ऑर्डर घेऊन आले. माल तपासायची साहेबांची रीतच न्यारी होती. तुकडा तोंडासमोर धरायचा, त्यात आपली मिशी स्वच्छ दिसली तरच माल पास!

“आतून-बाहेरून आरशासारखं पॉलिश पाहिजे,” साहेबांनी फर्मावलं.

ताईंनी भाव सांगितला तसे साहेब भडकले. “ही लूट आहे! निम्म्यात करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. आणि मिशी दिसलीच पाहिजे!”

“निम्म्यात करते. उद्या नमुना आणते,” ताई शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंप कारखान्यात जाऊन त्यांनी तिथल्याच एका पंपात बुश बसवला, पंपाचं झाकण घट्ट बंद केलं आणि पंप साहेबांपुढे ठेवला. कारखान्याचे मालकही शेजारीच बसले होते.

“बघा मिशी.”

“बंद पंपात कशी दिसणार?” साहेब खेकसले.

“मग बाहेरून पॉलिश कुणाला दाखवायला करू? बुशात शाफ्ट फिरतो, म्हणून आतली बाजू गुळगुळीत केलीय. बाहेरची लेथवरून उतरली तशीच ठेवलीय. बाहेरच्या पॉलिशची मजुरी वाचली, भाव निम्म्यावर आला.”

मालकांनी मान डोलावली. साहेबांचा हात नकळत मिशीवर गेला.

ताईंनी पिशवीतून छोटा आरसा काढून त्यांच्यासमोर ठेवला. “मिशीसाठी हा घ्या, साहेब. याची किंमत धरूनही भाव निम्माच बसतो.”